लादीचा पांढरा गाभा

पहाटे चारच्या सुमाराला कारखान्यात पहिल्या लाद्या निघायच्या. टाकीवरची लाकडी झाकणं सरकवायची, हॉइस्टच्या आकड्याला कॅन अडकवून गार मिठाच्या पाण्यातून वर घ्यायचे, साध्या पाण्याच्या हौदात मिनिटभर बुडवायचे आणि आडवे करायचे. कॅनची पकड सुटली की लादी आपल्याच वजनाने ओल्या फरशीवर घसरत यायची. नाकात अमोनियाचा वास, कानात कॉम्प्रेसरची धडधड आणि बाहेर काळोखात बोटींचे दिवे. बाबा या कारखान्यात एकतीस वर्षं ऑपरेटर होते. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं बंदर लहान, पण मासळीचा लिलाव मोठा, आणि बर्फाशिवाय लिलाव नाही.

सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे. दिव्यासमोर आलेली लादी बघत राहायचे. कडेचा बर्फ इतका नितळ असायचा की पलीकडे उभ्या माणसाच्या शर्टावरचे पट्टे मोजता यावेत. आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत, पांढरा गाभा. अगदी जवळ डोळा नेला की कळायचं, तो पांढरा रंग नव्हेच. केसाएवढ्या बारीक, लांबट बुडबुड्यांची दाटी होती ती, आणि सगळ्यांची टोकं आतल्या बाजूला वळलेली. जणू बाहेरून कुणीतरी त्यांना हाकलत आणलं होतं.

मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "बाय, बर्फ पाण्याशिवाय कुणालाच आत घेत नाही. बाकीच्याला पुढे ढकलतो. ढकलत ढकलत मधे आणतो."

भौतिकशास्त्रात पदवी घेतली, पुढे शिकले, आता कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. या विषयावर पुष्कळ वाचलं. पण बाबांच्या त्या वाक्यात दुरुस्ती करावी असं मला आजवर फारसं काही सापडलेलं नाही. त्या वाक्याच्या आत काय काय आहे, ते मात्र हळूहळू उलगडत गेलं.

एकदा त्यांनी अर्धवट गोठलेली लादी बाहेर काढून दाखवली. चारी बाजूंनी भिंती झाल्या होत्या, मधे अजून पाणी. "चाखून बघ." मी बोट बुडवून जिभेला लावलं. आमच्या विहिरीचं पाणी जरासं मचूळ, पण हे चक्क खारट आणि कडसर होतं. मग त्यांनी टोचा घेऊन कडेचा एक तुकडा उडवला आणि तोंडात घालायला सांगितलं. त्याला काही चवच नव्हती. एकाच विहिरीचं, एकाच कॅनमधलं पाणी. चांगली लादी हवी असेल तर कारखान्यात हे मधलं पाणी नळीने ओढून काढतात आणि तिथे ताजं पाणी भरतात. गोठताना कॅनमध्ये हवेची नळी सोडून पाणी ढवळत ठेवतात, म्हणजे बुडबुडे भिंतीला चिकटून अडकत नाहीत. या दोन्ही युक्त्यांमागे तोच एक स्वभाव आहे: बर्फाचा स्फटिक वाढताना आपल्यासारख्यालाच शेजारी बसवतो.

पण का?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बर्फ येतो तो 'पाण्याचे असंगत आचरण' या नावाखाली. 4 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वाधिक, त्याखाली ते प्रसरण पावतं, वगैरे. हे दाखवणाऱ्या होपच्या उपकरणाची आकृती काढायची, दोन-तीन गुण मिळवायचे. 'असंगत' हा शब्द मला कधीच आवडला नाही. पाणी विसंगत वागत नाही. त्याची घडण एकदा पाहिली की ते दुसरं काही करूच शकलं नसतं हे दिसतं.

ती घडण वर्गात दाखवण्यासाठी मी दरवर्षी एक सांगाडा करते. माडाच्या झावळीचे हीर सारख्या लांबीचे कापते आणि चिकणमातीच्या गोळ्या वळते. गोळी म्हणजे ऑक्सिजन. प्रत्येक गोळीतून चार हीर निघाले पाहिजेत, चार दिशांना, एकमेकांपासून होता होईल तेवढे लांब. पाण्याच्या रेणूला चार हात आहेत असं समजा. दोन हातांत त्याचे स्वतःचे हायड्रोजन आहेत. उरलेले दोन रिकामे, पण शेजाऱ्याचा हायड्रोजन धरायला पुढे केलेले. पाणी पातळ असतं तेव्हा या हातांची धरसोड चाललेली असते, क्षणाच्या अब्जांश भागातही अनेकदा. गोठताना प्रत्येक जण आपले चारही हात चार शेजाऱ्यांना देतो, तेही ठरलेल्या कोनात. पहिल्या गोळीला चार गोळ्या, त्या चौघींना आणखी तीन-तीन. दहा-बारा गोळ्या लागल्या की हातातल्या सांगाड्यात आपोआप षटकोन उमटतो. मुलं दरवेळी इथे 'अरे!' म्हणतात. षटकोन करायचा असं कुणीच ठरवलेलं नसतं.

हिमकणाला सहाच टोकं का, हा प्रश्न योहानेस केप्लर यांना 1611 मध्ये प्रागमध्ये पडला होता. त्यांनी आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून त्यावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली. गोळे एकमेकांना खेटून रचले तर षटकोन होतात, इथवर ते पोहोचले, आणि उत्तर पुढच्यांवर सोपवून थांबले. अणू-रेणूंचं चित्र हाती नसताना याहून पुढे जाणं कुणालाच जमलं नसतं. गंमत अशी, की बर्फात रेणू खेटून बसलेले नाहीतच. नेमके उलटे, ते अंतर राखून बसले आहेत.

सांगाडा पुरेसा मोठा झाला की तो उचलून डोळ्यासमोर धरायचा आणि षटकोनांच्या रांगेतून आरपार पाहायचं. बोगदे दिसतात. एका बाजूने डोळा लावला तर दुसऱ्या बाजूची खिडकी दिसते. बर्फाच्या आत हे असं आहे, दोन शेजारी ऑक्सिजनमध्ये 0.276 नॅनोमीटर अंतर राखून उभारलेली हवेशीर इमारत. पाण्याची लादी झाली की आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं ते या रिकाम्या जागेमुळे. बाबा कॅन भरताना वरून चार बोटं मोकळी सोडायचे. नवा पोरगा काठोकाठ भरायला निघाला की ओरडायचे. त्या चार बोटांत ते बोगदे मावत होते, हे मला फार उशिरा कळलं. आणि बर्फ वितळतो तेव्हा ही इमारत ढासळते, काही रेणू मोकळ्या जागांत घुसतात, म्हणून पाणी बर्फापेक्षा जड. 4 अंशांपर्यंत ही ढासळण उष्णतेच्या फुगवट्यावर मात करत राहते, मग फुगवटा वरचढ ठरतो. असंगत काय आहे यात?

आता या इमारतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

ऑक्सिजन जागच्या जागी, रांगेत, शिस्तीत. मग हायड्रोजन कुठे? दोन ऑक्सिजनच्या मधल्या प्रत्येक हिरावर एक हायड्रोजन आहे, पण बरोबर मध्यावर नाही. तो एकाच्या जवळ, दुसऱ्यापासून लांब असतो. 1933 मध्ये जे. डी. बर्नाल आणि राल्फ फाउलर यांनी याचे दोन साधे नियम मांडले. प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोनच हायड्रोजन हवेत, आणि प्रत्येक हिरावर एकच. बस्स. चार हातांपैकी कोणत्या दोन हातांत हायड्रोजन धरायचा, याची सक्ती नाही. आणि गंमत म्हणजे या दोन नियमांत राहून एवढ्या तऱ्हेच्या मांडण्या करता येतात की एका बर्फाच्या खड्याची दुसऱ्याशी आतून कधी जुळणी व्हायची नाही.

किती तऱ्हा, हे 1935 मध्ये लायनस पॉलिंग यांनी ज्या पद्धतीने मोजलं ते मी फळ्यावर दर वर्षी त्याच आनंदाने लिहिते. चार हातांतून दोन निवडायचे, म्हणजे प्रत्येक रेणूला सहा पर्याय. पण हिराच्या दुसऱ्या टोकाच्या शेजाऱ्यालाही ते मान्य हवं. प्रत्येक हिराबाबत जुळण्याची शक्यता निम्मी, आणि एका रेणूच्या वाट्याला सरासरी दोन हीर येतात, म्हणून एक चतुर्थांश. सहा गुणिले एक चतुर्थांश, म्हणजे दीड. प्रत्येक रेणूमागे दीड पर्याय. ऐकायला कमी वाटतं. पण 18 ग्रॅम बर्फात, म्हणजे एखाद्या लहान खड्यात, सहावर तेवीस शून्यं इतके रेणू असतात, आणि दीडला दीडने तेवढ्या वेळा गुणायचं असतं.

याचा अर्थ असा, की बर्फ कितीही गार केला तरी त्याच्यात थोडी अव्यवस्था शिल्लक राहायला हवी. दुसऱ्याच वर्षी विल्यम जिओक आणि जे. डब्ल्यू. स्टाउट यांनी बर्फ निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273 अंशांच्या जवळ नेऊन त्याची उष्णता बारकाईने मोजली, आणि उरलेली अव्यवस्था पॉलिंग यांच्या आकड्याला जवळजवळ तंतोतंत भिडली. कागदावरचा दीड प्रयोगशाळेत सापडला. क्ष-किरणांना हायड्रोजन जवळपास दिसत नाही, म्हणून त्याची जागा नक्की व्हायला न्यूट्रॉनची मदत लागली, तेही 1949 मध्ये झालं. हे अर्ध्या पानाचं गणित माझ्या मते संपूर्ण भौतिकशास्त्रातल्या सुंदर गोष्टींत मोडतं. एवढा कडक दिसणारा बर्फ, त्याच्या चौकटीत वाकायला जागा नाही, आणि त्याच चौकटीत हायड्रोजनला एवढी मोकळीक.

या हायड्रोजनांनाही रांगेत आणता येतं. त्यासाठी बर्फ उणे 201 अंशांच्या खाली न्यावा लागतो, आणि तेवढंही पुरत नाही. इतक्या थंडीत हायड्रोजन हलायलाच तयार नसतात. म्हणून पाण्यात आधी किंचित पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ठेवतात. त्याच्यामुळे नियमात कुठे कुठे खोट राहते, आणि त्या खोटीच्या आधाराने एकेक हायड्रोजन सरकत जातो. अशा शिस्तीतल्या बर्फाला 'बर्फ अकरा' म्हणतात. आपल्या लादीतला, गोळेवाल्याच्या गाडीवरचा, हिमालयातला, तो 'बर्फ एक'.

दाब वाढवला की आणखी प्रकार निघतात. 1900 मध्ये गुस्टाव टामान यांना दोन आणि तीन सापडले, मग अमेरिकेत पर्सी ब्रिजमन यांनी प्रचंड दाबाची उपकरणं घडवून ही यादी वाढवली, आणि आज ती वीसच्या आसपास आहे. सगळ्यांची ओळख करून देण्यात मला रस नाही. सातवा मात्र सांगावासा वाटतो. पाण्यावर वीस हजार वातावरणांहून (एक वातावरण म्हणजे हवेचा आपल्यावरचा नेहमीचा दाब) जास्त दाब आला की त्या बोगद्यांमध्ये दुसरी अख्खी इमारत उभी राहते. एकमेकींत गुंतलेल्या दोन चौकटी, एकीचा हात दुसरीच्या हातात नाही. दाब आणखी वाढवला तर हा बर्फ उकळत्या पाण्याहून गरम असूनही घन राहतो. 2018 मध्ये तो पृथ्वीच्या पोटातून आलेल्या हिऱ्यांत कैद झालेला सापडला.

पुन्हा बंदरावर येते, कारण बर्फाचं खरं काम तिथे आहे.

मी नववीत होते त्या उन्हाळ्यात भारनियमनाने कहर केला होता. दिवसाचे आठ-आठ तास वीज नाही. लादी पुरी गोठायला दीड-दोन दिवस लागतात, आणि मागणी थांबत नव्हती. मॅनेजरने अर्धवट लाद्या काढायला लावल्या. कडा जाड, गाभ्यात पाणी, वरून थोडा बर्फ धरलेला. वजन पुरतं, दिसायलाही लादीच. बाबांनी नको म्हणून सांगितलं, ऐकलं गेलं नाही. एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, तो बर्फ नेला. चौथ्या दिवशी बोट आली तेव्हा अर्धी सुरमई मऊ पडली होती, डोळे खोल गेलेले, कल्ले तपकिरी. तो तांडेल कारखान्यात येऊन ओरडला नाही. आमच्या ओट्यावर येऊन गप्प बसला. बाबाही बसले. बराच वेळ.

त्या रात्री बाबा म्हणाले, "पाणी कितीही गार असलं तरी पाणीच ते. थंडावा लादीत असतो."

या वाक्याचं पुस्तकी नाव 'अप्रकट उष्मा'. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून थेट 80 अंशांपर्यंत तापलं असतं. बर्फ ही सगळी उष्णता पिऊन घेतो आणि स्वतः शून्यावरच राहतो, शेवटचा खडा संपेपर्यंत. ती उष्णता तापमान वाढवण्यात जातच नाही. ती धरलेले हात सोडवण्यात खर्च होते. अठराव्या शतकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी हे ओळखलं. बर्फ शून्याला पोहोचताच एकदम वितळत असता तर वसंतात डोंगरावरचा सगळा हिम एकाच वेळी पाणी होऊन महापूर आले असते, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. आणि गाभ्यातल्या पाण्याचे हात सुटलेलेच होते. ते मासळीची उष्णता किती पिणार? चार-पाच अंश चढेपर्यंत, म्हणजे ग्रॅमला चार-पाच कॅलरी. त्या तांडेलाने लादीच्या भावाने पाणी वाहून नेलं होतं. हा हिशेब मी कॉलेजात पहिल्यांदा मांडला तेव्हा वहीवर डोकं टेकून रडले होते.

लाद्या एकमेकींवर रचताना मधे भुसा पसरायचा, नाहीतर सकाळपर्यंत दोन लाद्यांची एक होते. टोचा मारूनही जोड सुटत नाही, भलतीकडेच तडा जातो. पाठ्यपुस्तकात याच्या जवळचा प्रयोग आहे, पुनर्हिमायनाचा. बर्फावर दोन्ही टोकांना वजनं बांधलेली तार ठेवायची, तार बर्फातून आरपार खाली उतरते आणि तुकडा अखंड राहतो. दाबाखाली बर्फ वितळतो, तार पुढे गेली की पाणी पुन्हा गोठतं, असं स्पष्टीकरण. ते खरं आहे, पण पुरतं नाही. बर्फाचा वितळणांक एका अंशाने खाली आणायला सुमारे 135 वातावरणांचा दाब लागतो. मी तांब्याच्या तारेऐवजी तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा, वापरून पाहिला, तेवढाच जाड, तेवढंच वजन. तार तासाभरात उतरली, तंगूस जेमतेम रुतला. तांबं बाहेरची ऊब आत नेतं, तंगूस नेत नाही, आणि मोठा वाटा त्या उबेचाच. मुलांना मी हे दोन्ही शेजारी मांडून दाखवते. पुस्तकावर विश्वास कमी व्हावा म्हणून नाही, हाताने करून पाहण्यावर तो वाढावा म्हणून.

भुशाविना ठेवलेल्या लाद्या चिकटतात त्याला तर दाबाचीही गरज नसते. 1850 मध्ये मायकल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सांगितलं, की शून्याच्या खालीसुद्धा बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असतो. दोन तुकडे भेटले की तो थर दोन्ही बाजूंनी कोंडला जातो आणि गोठतो. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेकांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. आज तो थर मोजलाही जातो. कडेच्या रेणूंना एका बाजूला धरायला शेजारीच नसतो, हात मोकळे असतात, त्यामुळे ते स्थिर बसत नाहीत.

एक गोष्ट बाबांच्या नियमाला अपवाद वाटली होती. अंटार्क्टिकाच्या पठारावरून खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्यांत आठ लाख वर्षांपूर्वीची हवा सापडते. बर्फ हवेला आत घेत नाही म्हणतात, मग ही कशी राहिली? पण ती हवा गोठत्या पाण्यातली नव्हतीच. तिथे हिमाचे कण एकावर एक पडत गेले, मधल्या फटींत हवा राहिली, वरच्या भाराने फटी मिटल्या. स्फटिकाच्या चौकटीत तिला जागा मिळाली नाही, दोन स्फटिकांच्या मधे मिळाली. नियम शाबूत.

यंदा गणपतीला गावी गेले तेव्हा सांगाडा बरोबर नेला होता. बाबांची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी तो हातात घेऊन चाचपला, एका बोगद्यात करंगळी घालून पाहिली.

"एवढी जागा आहे की. मग मीठ का बसत नाही?"

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं, की जागा आहे पण फार अरुंद, हीलियमसारखा एखादा चिमुकला अणूच तिथून सरकेल. आणि मिठाला नुसती जागा पुरत नाही. पातळ पाण्यात रेणू वळून मिठाच्या कणांना चहूबाजूंनी घेरतात, कुणी ऑक्सिजनची बाजू पुढे करतं, कुणी हायड्रोजनची. बर्फात सगळ्यांचे हात अडकलेले. वळणार कोण?

"म्हणजे कुणीच बसत नाही."

"बसतं. एक क्षार आहे, अमोनियम फ्लोराइड. अमोनियाला आणखी एक हायड्रोजन मिळाला की त्याचेही चार हात होतात. त्याची स्वतःची चौकटही बर्फासारखीच असते. त्याला बर्फ आपल्यात घेतो."

बाबांनी करंगळी बाहेर काढली.

"अमोनिया? आपल्या पाइपातला?"

"तोच."

त्यांनी सांगाडा पुन्हा उचलला, खिडकीकडे धरला आणि बराच वेळ त्यातून पाहत राहिले.